शेंगदाणा की गोडंबी

परवा बेंगळुरात जावयानं मला एका हॉटेलात नेलं. तिथं बिअर म्हणे तिथल्या तिथंच तयार करतात. काचेच्या भिंतीमागं तांब्याची चकचकीत पिंपं उभी होती. जावई हौशी आहे. म्हणाला, ‘बाबा, ही काळी घेऊन बघा. हिला भाजलेल्या दाण्यांची चव आहे.’ मी घोट घेतला. तेवढ्यात वेटर आला आणि अदबीनं म्हणाला, ‘कशी वाटली सर?’ आणि मी, काय सांगावं, काही एक विचार न करता मांडीवरचा रुमाल उजव्या हातावर पसरला आणि तो हात त्याच्यापुढं केला.

वेटर हाताकडं बघतोय, मी वेटरकडं बघतोय. त्याला वाटलं म्हाताऱ्याच्या हाताला काही लागलं. जावई कानापर्यंत लाल झाला. शेवटी मुलगीच म्हणाली, ‘काही नाही हो, आमचे बाबा निपाणीत राहिलेत.’ जसं काही निपाणीत राहिलेली सगळीच माणसं हॉटेलात असं करतात!

ही खोड मला लावली ती माझ्या निपाणीतल्या घरमालकांनी. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांचं गणगोत अजून तिथं आहे, आणि मला अजून त्याच रस्त्यानं कोल्हापूरला जावं लागतं. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही अण्णाच म्हणतो.

मी मूळचा शहापूरचा. विणकराचं घर, जन्मापासून कानात मागाची खटखट. धारवाडला एम.एस्सी. केलं, आणि सत्तरीच्या दशकाच्या मधल्या कुठल्याशा वर्षी निपाणीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागलो. अंगात नवी बेलबॉटम आणि नवा ताठा. ताठा पहिल्या आठवड्यातच उतरला, कारण बिनलग्नाच्या माणसाला निपाणीत कुणी खोली देईना. तंबाखूच्या वखारींमागच्या एका बोळात कुणीतरी अण्णांचं घर दाखवलं. ओट्यावर एक किडकिडीत म्हातारा बसला होता. धोतर, काळी टोपी, खांद्यावर टॉवेल, आणि चेहऱ्यावर त्या चेहऱ्याला अजिबात न परवडणारं नाक.

‘कंचं गाव?’

‘बेळगाव. शहापूर.’

‘शहापूर म्हंजे वडगावच्या अलीकडं.’

‘हो.’

‘हूं.’ त्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. ‘काय शिकवतासा?’

‘केमिस्ट्री.’

‘बिअर घेतलीया का कवा?’

आता सरळ नाही म्हणायला माझं काय जात होतं? धारवाडच्या होस्टेलात चौघांत मिळून एक बाटली आणली होती, आणि माझ्या वाट्याची मी गुपचूप जास्वंदीच्या बुडात ओतली होती. एवढाच माझा व्यासंग. पण म्हातारा आपल्याला खेडवळ समजतोय की काय, या धास्तीनं मी म्हणालो, ‘म्हणजे काय! धारवाडात बऱ्याच घेतल्या. काळीसुद्धा.’

काळी बिअर असते हे मला माहीत नव्हतं. पिवळी असते तर काळीही असेल, असा माझा शास्त्रीय अंदाज.

म्हातारा ताडकन उठून उभा राहिला. ‘काळी? कशी लागत हुती?’

‘जराशी... भाजल्यासारखी.’

त्यांनी आत बघून हाक मारली, ‘अगं, मास्तरांना चहा टाक. मागची खोली दिली म्हणून समज.’ मी मनात म्हटलं, बघ, थोडं बाहेरचं जग बघितलं की माणसाची किंमत कशी वाढते.

अण्णांची सगळी हयात तंबाखूच्या दलालीत गेली होती. त्या काळी तिथल्या बाजारात भाव तोंडानं सांगत नसत. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहायचे, हातात हात द्यायचे, वरून टॉवेल टाकायचे, आणि आत बोटं धरून, दाबून, सोडून भाव ठरायचा. भोवतीच्या माणसांना नुसती तोंडं दिसायची, आणि ती तोंडं देवळातल्या मूर्तीसारखी कोरी. अण्णांचा या पद्धतीवर इतका जीव जडला होता, की धंदा सोडला तरी टॉवेल सुटला नाही. ‘तोंड लाजतंय, मास्तर,’ ते म्हणायचे, ‘समोरच्याचं मन राखतंय. बोटं काय लाजत न्हाईत.’

त्यामुळं जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांना कुणाचं मत हवं असलं, की ते टॉवेलाखाली हात पुढं करायचे. पाचही बोटं मुठीत धरली तर उत्तम. नुसती करंगळी धरली तर मोरीत ओता. सिनेमा कसा होता, नवा डॉक्टर कसा आहे, व्याह्यांच्या घरचं जेवण कसं झालं, सगळं बोटांवर. एकदा ते माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. तास संपल्यावर मी बघतो तो बाहेर व्हरांड्यात अण्णा आमच्या प्रिन्सिपॉलांपुढं टॉवेल टाकून उभे! प्रिन्सिपॉलही निपाणीचेच. त्यांनी बिनतक्रार हात आत घातला आणि दोघं माझ्याकडं बघून हसले. किती बोटं ते मला दोघांनीही कधी सांगितलं नाही. पुढं माझं कायम व्हायचं दोन वर्षं लांबलं, त्यावरून अंदाज करावा.

या पद्धतीचा एक कायदा होता, तो त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. ‘भाव पटू दे न्हाईतर न पटू दे. हातात हात हाय तवर सौदा चालू. हात काढून घेतला की मिटलं. मग त्या माणसाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई.’

त्यांच्या बायकोला, आक्कांना, या सगळ्याचा उबग आला होता. जेवण झाल्यावर अण्णा ताटावरूनच त्यांच्यापुढं टॉवेल करायचे, म्हणजे आज मी तुझ्याशी दिवसभर कसा वागलो ते सांग. आक्का हात घालायच्या आणि असा चिमटा काढायच्या, की अण्णांच्या हातातला तांब्या पडायचा.

आणि ही बिअर. परसातल्या खोलीत अण्णा ती चोरून करायचे. सातू भिजवायचे, ओल्या गोणपाटाखाली मोड आणायचे, वाळवायचे, आणि लोखंडी कढईत काळेकुट्ट होईपर्यंत भाजायचे. गल्लीला वाटायचं, यांच्याकडं कॉफी फार पितात. कडूपणासाठी काडेचिराईत, फसफसायला बेकरीतलं यीस्ट, आणि चवीसाठी भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट. पण शेंगदाणा म्हटला की तेल आलं, आणि तेल वर आलं की फेस मेला. मग ते घाण्यावरनं कोरडी पेंड आणायचे. तयार झालेला तो काळा रस गोटी सोड्याच्या जुन्या बाटल्यांत भरायचा आणि बाटल्या तुळईला उलट्या टांगायच्या, म्हणजे आतल्या वायूनं गोटी तोंडाशी घट्ट बसायची. पाहुणा चुकून परसात गेला तर घाबरून परत यायचा. तुळईला ओळीनं वटवाघळं लटकलेली दिसायची.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाला स्वतःच्या बिअरची चव कळत नव्हती. तंबाखूच्या धुळीनं त्यांचं नाक केव्हाच मारलं होतं. ‘ह्यो निस्ता दर्शनी भाग,’ नाकावर टिचकी मारून ते म्हणायचे. ‘आत काय न्हाई.’ जिभेला कडू-गोड तेवढं कळायचं. बाकीचं सांगायला त्यांना एक जाणकार हवा होता, आणि तो जाणकार म्हणजे मी.

दर बाटलीला मी पहिला घोट घ्यायचो. काय सांगू! पहिल्या वर्षीची बिअर म्हणजे भिजलेलं पोतं पिळून द्यावं तशी. पण अण्णा टॉवेल पसरून समोर बसलेले, ते मोठं निकामी नाक माझ्याकडं वळलेलं, आणि डोळ्यांत अशी आशा, की मी डोळे मिटून त्यांची पाचही बोटं घट्ट धरायचो. मग ते विचारायचे, ‘शेंगदाणा लागला का? गिळल्यावर? मागनं?’ मी म्हणायचो, ‘लागतोय. जरा अजून मुरू द्या.’ मुरू द्या हा माझा एकुलता एक सल्ला. तो मी बरीच वर्षं दिला, आणि दर वेळी काहीतरी नवीन सांगितल्यासारखा चेहरा करून दिला.

एका दुपारी तंबाखूच्या वखारींवर देखरेख करणारे एक सरकारी साहेब अचानक घरी आले. धंद्याच्या जुन्या ओळखीचे. पाय धुवायला म्हणून सरळ परसात गेले आणि तुळईखाली उभे राहिले. माझी पाचावर धारण बसली. आता नोकरी जाणार, बापाला शहापुरात तोंड दाखवता येणार नाही, असं सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं आणि मी, कॉलेजचा लेक्चरर, सातूच्या पोत्यामागं उकिडवा बसलो. अण्णांनी शांतपणे एक बाटली काढली, अंगठ्यानं गोटी दाबली, पेला भरला आणि टॉवेल पुढं केला. साहेबांनी घोट घेतला, हात आत घातला, जरा वेळानं म्हणाले, ‘हिच्यात तंबाखू हाय का?’

‘छ्या! हिच्यात कुठली?’

‘मग मला काय करायचंय?’ साहेब म्हणाले आणि पेला संपवला. जाताना पोत्याकडं बघून म्हणाले, ‘मास्तर, उठा. पायाला मुंग्या येतील.’

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे अण्णांनी मला कधी सांगितलं नाही. सांगितलं आक्कांनी, एकदा गवार मोडता मोडता.

लढाईच्या दिवसांत अण्णा बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या सोल्जरांच्या कँटीनमध्ये ताटल्या धुवायला होते. सोबतीला वडगावचा एक विणकराचा पोर, आप्पा. दोघं एका ताटात जेवायचे, एका घोंगड्यावर निजायचे. एक गोरा सार्जंट विलायतेला परत जाताना त्यांना एक बाटली देऊन गेला. काळी बिअर. दोघांनी ती स्वैपाकघरामागं बसून आलटून पालटून प्यायली. गिळल्यावर मागून एक चव आली, ती दोघांच्या जन्मभर लक्षात राहिली. फक्त अण्णा म्हणायचे ती भाजल्या शेंगदाण्याची, आणि वडगावचे आप्पा म्हणायचे ती गोडंबीची. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, बाळंतिणीच्या लाडवात घालतात तो.

‘आणि एवढ्यावर वाकडं आलं?’ मी विचारलं.

‘एवढ्यावर कुटलं?’ आक्का म्हणाल्या. ‘आमच्या थोरलीच्या लग्नात आप्पा आलता. तिच्यासाठी सवताच्या मागावर इनलेली साडी घिऊन. पंगतीत ह्यांचा इषय निघाला, शेंगदाणा का गोडंबी. आधी हसत हुते. मग हे भर पंगतीत म्हनाले, इनकराला चवीतलं काय कळतंय, तुजी जीब खळीत बुडल्याली. आन वरनं टॉवेल टाकला, ये म्हनाले, सांग बोटं. आप्पानं हात घातला. आन मग काढून घेतला. ताटावरनं उठला तो उठला. त्या दिवसापास्नं एक शबूद न्हाई.’

खळ म्हणजे विणायच्या आधी सुताला लावतात ती पेज. मी त्याच खळीच्या वासात वाढलेला. ते वाक्य ऐकून मलाही लागलं, तर आप्पांना काय लागलं असेल!

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. अण्णांना हुबेहूब तीच बिअर करायची होती, शेंगदाणा घालून, आणि आप्पांसमोर ठेवायची होती. ती चव ओळखणारी माणसं जगात दोनच. त्यातल्या एकाचं नाक गेलेलं, म्हणजे निकाल दुसऱ्याच्याच जिभेवर. आप्पांनी पाच बोटं दिली की म्हाताऱ्यानं खटला जिंकला. मला वाटलं, केवढा हा हट्टी माणूस, आणि त्याच्या या खटल्यात मी तज्ज्ञ साक्षीदार! छातीही जरा फुगली, खोटं कशाला बोलू.

मी दर शनिवारी शहापूरला घरी जायचो. रविवारी रात्री परत आलो की अण्णा ओट्यावर. ‘वडील बरं हाईत? माग चालू हाईत?’ मग इकडं तिकडं बघून, ‘वडगावकडं कोण कसं हाय?’ आप्पा माझ्या वडिलांच्या ओळखीचे निघाले, म्हणून मी सांगायचो, वडगावकडं सगळे बरे आहेत. आप्पांना नातू झाला, आप्पांनी माग दुरुस्त केला, आप्पा देवळात भजनाला दिसले. अण्णा नखं कुरतडत ऐकायचे आणि म्हणायचे, ‘कोन आप्पा?’

आणि मग एका रविवारी मला वेगळीच बातमी आणावी लागली. आप्पांच्या घशात काहीतरी गाठ निघाली होती. मिरजेला नेऊन ऑपरेशन करायचं होतं. आवाज राहील न राहील, डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते, आणि तोवर आप्पांना एक शब्दही बोलायची बंदी होती.

मी हे सांगितलं तेव्हा अण्णा परसात सातू भाजत होते. कोन आप्पा, असं या खेपेला म्हणाले नाहीत. उलथनं फिरवत राहिले. सातू काळा झाला, जळला, धूर सुटला. त्यांना वास येत नव्हता, आणि मला सांगवेना. आक्का धावत आल्या, त्यांनी कढई खाली ओढली, तरी अण्णांचा हात आपला फिरतोच आहे. मला त्या दिवशी त्या माणसाचं फार वाईट वाटलं.

पुढची बिअर त्यांनी परसाचं दार लावून केली. तयार झाल्यावर मला बोलावलं. मी घोट घेतला, डोळे मिटले, पाच बोटं धरली आणि धीर द्यावा म्हणून जरा जास्तच बोललो. ‘अण्णा, आज जमलं! इतका खमंग शेंगदाणा आजवर लागला नव्हता. आप्पांना हात टेकावे लागतील.’

अण्णांनी माझ्या हातातला पेला काढून खाली ठेवला.

‘शेंगदाना न्हाई हिच्यात,’ ते म्हणाले. ‘एक दानासुदिक न्हाई. गोडंबी घातलीया.’

मला कुठं तोंड लपवू असं झालं. मागं लपायला सातूचं पोतंही उरलं नव्हतं.

‘लाजू नगासा. तुमची जीब कसली हाय ते मला पयल्या म्हैन्यातच कळलंतं. एकदा निस्तं चिराईताचं पानी दिलंतं तुमास्नी. पाच बोटं धरलीसा.’

‘मग मला ठेवून कशाला घेतलंत?’

‘शहापूरचं हाय म्हनून. शनवारी जातंय, वडगावची खबर घिऊन येतंय.’ ते टॉवेलाची घडी घालू लागले. ‘बिअरीचं काय, वतून दिली असती मोरीत.’

इतकी वर्षं मी ज्या जिभेच्या जोरावर त्या घरात राहिलो असं समजत होतो, तिला घरात कुणी विचारतच नव्हतं. मी होतो तो बसचा पास असलेला पोस्टमन. पण त्या क्षणी मला राग यायच्याऐवजी दुसरंच विचारावंसं वाटलं.

‘पण गोडंबी का? तुम्ही तर शेंगदाणा म्हणत होता.’

‘आता काय शेंगदाना धरून बसू?’ ते एकदम ओरडले. ‘त्याचा आवाज चाललाय. म्हनंना का गोडंबी! त्येचं खरं. पर बोटानं तरी सांगू दे मला.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही बेळगावला निघालो. बाटली उलटीच न्यायची होती, नाहीतर गोटी सुटते, आणि ती धरायचं काम माझ्याकडं. दोन्ही हातांनी बाटली उलटी धरून मी मांडीवर घेऊन बसलो. समोर आमच्या कॉलेजातली पहिल्या वर्षाची दोन पोरं. संकेश्वरला कंडक्टरनं बाटलीकडं बोट दाखवून कानडीत विचारलंच, ‘एन इदु, मास्तर?’

‘औषध.’

‘उलटं का?’

‘सरळ धरलं की बिघडतं.’

झालं. सगळी बस या औषधात पडली. एका बाईनं विचारलं, पोटाचं आहे का. एक पाटील म्हणाले, त्यांच्या मेव्हण्याला असंच एक दिलं होतं, पण तो गेला. वंटमुरीच्या घाटात तर प्रत्येक वळणाला बाटली छातीशी धरून मी तिला तान्ह्या लेकरासारखं जपत होतो. अण्णा खिडकीबाहेर बघत बसले होते. नेहमी बसमध्ये चार माणसांपुढं टॉवेल करणारा माणूस त्या दिवशी कुणाशी बोलला नाही.

वडगावात आप्पांच्या घरी माग बंद होता. अर्धी विणलेली साडी तशीच मागावर. गळ्याभोवती मफलर गुंडाळून आप्पा मागाला टेकून बसले होते. चांगला थोराड माणूस, पण खंगलेला. सुनेनं आम्हाला या म्हटलं. आप्पांनी वर बघितलं, अण्णांना बघितलं आणि तोंड मागाकडं फिरवलं.

अण्णा उंबऱ्यात उभे. आत जावं की परत फिरावं, कळेना. शेवटी माझाच धीर सुटला. ‘आप्पा, मी शहापूरचा, तुम्ही माझ्या वडिलांना—’ अण्णांनी मला गप्प केलं. खाली बसले. माझ्या हातातून बाटली घेतली आणि गोटी दाबली. दोन तास हिंदकळलेली बिअर ती! निम्मी उसळून माझ्या पँटीवर आली. उरलेली त्यांनी पेल्यात ओतली आणि पेला आप्पांसमोर सरकवला. काळीभोर बिअर, वर तपकिरी फेस.

आप्पांनी बराच वेळ पेल्याकडं बघितलं. मग उचलला. आधी वास घेतला, मग एक लहान घोट, डोळे मिटून. गिळताना दुखलं असावं, कपाळाला आठी पडली. पेला खाली ठेवला.

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हातावर पसरला आणि हात पुढं केला. त्या हाताकडं आप्पा बघत राहिले. मला त्या लग्नाची पंगत आठवली, मी तिथं नव्हतो तरीही. घे ना, म्हातारबा, मी मनात म्हणत होतो, काय असेल ते सांग, नुसती करंगळी धर हवी तर.

आणि आप्पांचा हात टॉवेलाखाली गेला.

आत काय चाललंय ते मला कसं दिसणार? टॉवेल जरा हलला, मग स्थिर झाला. दोघांचे चेहरे कोरे. सुनेनं चहा आणून ठेवला. माझा पिऊन झाला. त्यांच्या कपांवर साय धरली. सून दारातून दोनदा डोकावून गेली. मी मागावरच्या साडीचे धागे बघत बसलो, कारण त्या दोघांकडं बघायचं मला धाडस होत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी काकतीपर्यंत दम धरला. त्यापुढं धरवेना.

‘अण्णा, किती?’

‘दोन.’

एवढा अट्टहास, एवढी माघार, आणि दोन! मी म्हणालो, ‘आजारी आहेत ते. औषधांनी तोंडाची चव जाते. तुम्ही मनावर घेऊ—’

‘गप बसा. चव चांगली हाय त्येची. बिअर दोनाचीच हुती.’

घाट सुरू झाला. अण्णांनी टॉवेल तोंडावरून फिरवला, दोनदा फिरवला, आणि तो तिथंच धरून ठेवला. मला कधी अरेतुरे न करणारा तो माणूस टॉवेलामागूनच बोलला.

‘दोन धरली त्यानं,’ ते म्हणाले. ‘आन हात सोडला न्हाई रं. चा गार झाला, तरी सोडला न्हाई.’

बाटली कधीच रिकामी झाली होती, आणि मी ती अजून दोन्ही हातांनी उलटी धरून बसलो होतो.